स्टेअरिंग कुणाच्या हाती?



शर्यतीचे वेड आपल्या इंदापूर-बारामतीला नवे नाही. बैलगाड्यांचे मैदान भरले की शेळगावापासून माणसे लोटतात. आजचा विषय मात्र मोटारींच्या शर्यतीचा, आणि त्यातल्या स्त्रियांच्या स्थानाचा आहे. कामगार संघटनेच्या माणसांनी त्यावर का बोलावे, असे कोणी विचारील. यंत्र कुणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न मुळात आमचाच आहे.

फॉर्म्युला वन ही या खेळातली सर्वांत वरची पायरी. स्त्रियांनी तेथे येऊ नये, असा नियम नाही. इटलीच्या लेला लोंबार्डी यांनी १९७५ साली स्पेनच्या शर्यतीत सहावा क्रमांक मिळवला. शर्यत मध्येच थांबल्याने पदरी अर्धा गुण पडला. तेथे गुण मिळवणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव स्त्री! १९७६ नंतर त्या शर्यतीत एकही स्त्री उतरलेली नाही. दार उघडे, पण पायऱ्याच काढून घेतलेल्या, असा हा प्रकार आहे.

कारखान्यात लेथवर उमेदवाराचा हात कसा बसतो? लेथ चालवूनच बसतो. शर्यतीचेही तसेच. पोराला सातव्या-आठव्या वर्षी छोट्या कार्टगाडीत बसवतात आणि वर्षानुवर्षे त्याच्यावर पैसा ओततात. पोरीवर तो खर्च करायला सहसा कोणी धजत नाही. आणि मग तिला जमत नाही, असा निकालही आपणच देतो.

संधी मिळाली म्हणजे काय होते, ते पुण्याच्या डायना पुंडोले यांनी दाखवले. स्त्रियांसाठी घेतलेल्या निवड-उपक्रमातून त्या २०१८ साली या खेळात आल्या. दोन मुलांच्या या आईने २०२४ साली पुरुषांच्या बरोबरीने धावून मोटार शर्यतीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. असे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

स्त्रियांसाठी २०२३ पासून एफ-वन अकादमी ही वेगळी स्पर्धा निघाली आहे. वेगळी पंगत कशाला, असा आक्षेप येतो. आमचे म्हणणे असे : ती शिडी असेल तर हवी, कोंडवाडा असेल तर नको.

आपल्या एस. टी.कडे पाहा. महामंडळाने स्त्रियांसाठी अनुभवाची अट सैल केली, आधी शिकवले, मग गाडी दिली. २०२३ साली सासवडहून नीरेपर्यंत बाईने एस. टी. नेली. तिकीट तेच, रस्ता तोच, जबाबदारीही तीच. मग पगार, बढती आणि आगारातली विश्रांतीची खोली यांत कमी-जास्त का असावे?

मंडळी, शेळगावची प्रत्येक मुलगी शर्यतीत उतरणार नाही. पण घरच्या ट्रॅक्टरवर भावाला बसवाल तेव्हा बहिणीलाही बसवा. परवान्याची फी दोघांचीही भरा. वरची पायरी तेथूनच सुरू होते.