सामाईक ग्रंथभांडार आणि आपली नोंदवही



सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी हें माझें गांव कर्नाटकाच्या सीमेजवळ असलेली तुरीची पेठ आहे. येथल्या मुलांना शिकविण्यांत माझी हयात गेली. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांविषयीं मी बोलावें, याचें कोणास नवल वाटेल. परंतु एका जुन्या विद्यार्थ्यावर आलेल्या प्रसंगानें मला या विषयाचा विचार करावयास लावलें.

हा विद्यार्थी वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत होता. तुरीच्या मर रोगावर त्याला निबंध सादर करावयाचा होता, व त्यासाठीं लागणारा लेख संगणकावर वाचावयाच्या एका नियतकालिकांत होता. महाविद्यालयानें वर्गणी वेळेवर भरली होती. मात्र विद्यार्थ्यांचीं नांवें वर कळविण्याचें राहून गेलें होतें. ग्रंथपालाची जागा रिकामी होती आणि परवलीचा शब्द कोणापाशीं आहे हें कोणासच ठाऊक नव्हतें. नांवें गेलीं तोंवर निबंधाची मुदत टळली होती. हक्क होता, पैसाही खर्च झाला होता. नोंद तेवढी नव्हती. वखारींत माल असावा आणि पावती हरवावी, तशी ही गत झाली.

छापील मासिकाची वर्गणी थांबली तरी जुने अंक कपाटांत राहतात. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकाचें तसें नाहीं. तेथें बहुधा आपण वस्तु विकत घेत नाहीं, वाचण्याची परवानगी घेतों. ती किती दिवसांची, कोणाकोणाला, आणि वर्गणी संपल्यावर जुने अंक मिळणार कीं नाहीं, या अटी प्रत्येक प्रकाशकाच्या निराळ्या. हा सर्व हिशेब राखणें म्हणजेच या साधनांचें व्यवस्थापन. प्रत्येक महाविद्यालयानें तो एकट्यानें राखावयाचा म्हटलें, तर लहान संस्थांचे हाल ठरलेलेच.

एकत्र नोंद करण्याचें मोल मराठी वाचकाला नवें नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून १९४३ सालीं प्रसिद्ध केली. निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेल्या पुस्तकांचा पत्ता अभ्यासकांस तीमुळें एके ठिकाणीं मिळूं लागला.

पुढें १९९१ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें ग्रंथालयें जोडण्यासाठीं ‘इन्फ्लिबनेट’चा उपक्रम पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या आश्रयानें आरंभिला. १९९६ सालीं तें स्वतंत्र केंद्र झालें आणि आज तें गांधीनगरास आहे. २००४ सालीं विद्यापीठांसाठीं सामाईक वर्गणी सुरू झाली, आणि २०१० मध्यें ‘एन-लिस्ट’ योजनेनें महाविद्यालयांनाही तें दार उघडलें. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तींत ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें असून, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरितां ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. परदेशांत कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या २३ शाखांनीं २०१७ सालीं एकच व्यवस्थापन-प्रणाली स्वीकारली.

मग उणें काय राहिलें? नवी योजना प्रथम सरकारी संस्थांसाठीं आहे, आणि आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालयें खाजगी शिक्षणसंस्थांचीं आहेत. त्यामुळें शेजारशेजारच्या दोन महाविद्यालयांचे हक्क भिन्न असूं शकतात. विद्यार्थ्याला तें कळावें कसें? वर्गणी सामाईक झाली म्हणून हिशेब आपोआप सामाईक होत नाहीं.

सोलापूरचें विद्यापीठ २००४ सालीं एका जिल्ह्यापुरतेंच स्थापन झालें. क्षेत्र आटोपशीर असल्यानें येथें सामाईक नोंदप्रणाली सुरू करणें अवघड जाऊं नये. कोणत्या महाविद्यालयास काय वाचतां येतें, कोणत्या तारखेपर्यंत, आणि अडचणींत कोणास भेटावें, एवढें तींत कोणालाही दिसावें. प्रवेशाबरोबरच विद्यार्थ्याचें नांव वाचकांच्या यादींत चढावें. करार करतांना जुन्या अंकांविषयीं आधींच विचारून घ्यावें.

कोणी म्हणतील, सारें एका प्रणालींत गेलें कीं स्थानिक गरजा मागें पडतील. ही भीति निराधार नाहीं. मराठी आणि कन्नड ग्रंथांची निवड म्हणून ज्या त्या ग्रंथालयाच्याच हातीं राहिली पाहिजे. शिवाय प्रणाली कितीही उत्तम असली तरी तिच्यांत नोंद करणारा मनुष्य लागतोच. ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवून घेतलेली प्रणाली म्हणजे मास्तराविना बांधलेली शाळा.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें सत्र परत येणार नाहीं. परंतु घरोघरीं ऐकणाऱ्या पालकांस माझी विनंति आहे. मुलगा वा मुलगी महाविद्यालयांत जाते, तेव्हां शुल्काच्या पावतीबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा : ग्रंथालयाच्या यादींत आमच्या मुलाचें नांव चढलें काय? हा प्रश्न दहा घरांनीं विचारला, तर नोंदवही आपोआप भरूं लागेल.