नगरमार्गे वाचायचा इतिहास

ख्रिस्ती धर्माने समाज आणि राजकारण कसं घडवलं, हे सांगणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकं हल्ली हातोहात खपतात. टॉम हॉलंड यांचं २०१९ सालचं 'डोमिनियन' त्यातलंच. वाचायला रंजक, पण त्यांचा मुक्काम बहुतेक युरोपातच.

आपल्या नगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची गोष्ट मात्र जवळची आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं मांडलं. मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी स्वतःची शाळा काढली. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ साली नगरलाच सुरू झालं. पुढे १८५५ साली त्यातच फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. आपल्या लोकांचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारला होता. मुक्ता काही ख्रिस्ती झाली नव्हती, हे विसरू नका. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, यातही शंका नको. पण छापखाना आणि शाळा एकदा उघडल्या, की त्यातून काय निघेल ते मिशनऱ्यांच्याही हाती राहिलं नाही.

धर्मांतराने घर कसं ढवळून निघतं, हे मात्र लक्ष्मीबाई टिळकांकडूनच ऐकावं. त्यांच्या आत्मकथेची, 'स्मृतिचित्रे'ची, पानं अजून वाचली नसतील, तर आधी ती वाचा, 'डोमिनियन' नंतर.