घाटापूर्वीची पांच मिनिटें

भातसानगरहून नाशिकला निघालेली छोटी मोटार शहापूरपाशीं महामार्गाला लागते आणि पुढें कसारा घाट चढूं लागते. मारुती ८०० हें तिचें उदाहरण घ्यावें. १९८३ सालीं आलेल्या या गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें, तरी जपलेल्या गाड्या अजून धांवतात. तीन सिलिंडरांचें ७९६ घनसेंटिमीटरांचें तें एंजिन भरल्या गाडीनें घाट चढतांना तापणारच. तें थंड राखणाऱ्या रेडिएटरची निगा घाटांत नव्हे, तर सकाळीं अंगणांत, एंजिन गार असतांना करावी. झाकण उघडून कूलंटची पातळी पाहावी. जाळींतला पाचोळा मऊ ब्रशानें काढावा. रबरी नळ्या दाबून चिरा शोधाव्या. पंपाचा पट्टा सैल नाहीं ना, हें तपासावें.

इतकें करूनहि वाटेंत कांटा तांबड्या खुणेकडे गेला, तर मोटार कडेला घेऊन एंजिन बंद करावें. झाकणास मात्र हात लावूं नये. आंतलें पाणी प्रेशर कुकरप्रमाणें दाबाखालीं असतें, म्हणून १०० अंशांवरहि उकळत नाहीं. झाकण निघतांच दाब ओसरतो आणि उसळलेली वाफ उघडणाराचें तोंड व हात भाजते. एंजिन निवेपर्यंत स्वस्थ बसणें, हेंहि दुरुस्तीचेंच काम होय.