शेवटच्या वर्षाचे विद्यावेतन

(बडोदे येथे संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळामास्तराला बोलायला उभे केले की घंटा झाल्याखेरीज तो खाली बसत नाही, हे ठाऊक असूनही आपण मला बोलावलेत, त्याबद्दल आभारी आहे. दुसरेही एक ऋण आहे. चोवीस वर्षांपूर्वी माझी बी. एड्.ची फी या संस्थेने भरली होती. अर्जावरचे माझे मुसलमानी नाव वाचून त्या वेळच्या कार्यवाहांनी एकच प्रश्न विचारला होता : "विषय मराठी घेणार की गणित?"

आज मला बोलायचे आहे ते अमेरिकेतील एका प्रथेविषयी. आपल्या फीच्या आणि वह्यापुस्तकांच्या निधीत अमेरिका कोठून आली असे कोणास वाटेल, म्हणून आधी घरची गोष्ट सांगतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या दिवाळीत भेटायला आली. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर ती पीएच्. डी.चा प्रबंध लिहीत होती; तिची आईही त्यांच्यापैकीच. कोरोनाच्या दोन वर्षांत लोकांच्या घरी जाऊन माहिती घेणे बंद पडले. अल्पसंख्य समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी २००९ साली सुरू झालेल्या मौलाना आझाद फेलोशिपवर ती शिकत होती. ती योजना पुढे चालणार नाही असे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितले. हिची मुदत संपली तेव्हा पाचांपैकी तीन प्रकरणे लिहून झाली होती. आता ती सकाळ-संध्याकाळ शिकवण्या करते. "सर, कागद सगळे ट्रंकेत नीट ठेवलेत," असे म्हणाली. म्हातारी माणसे कफनाचे कापड ठेवतात ना, तसे ते मला ऐकू आले.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान ड्यू बॉइस यांचेच पाहा. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी तेथे स्लेटर फंड होता आणि माजी राष्ट्राध्यक्ष हेज हे त्याचे प्रमुख होते. युरोपात पाठवण्याजोगा लायक कृष्णवर्णीय तरुण आढळत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी १८९० साली काढले. ड्यू बॉइस यांनी पत्रांवर पत्रे लिहून त्यांचा पिच्छा पुरवला. अखेर १८९२ मध्ये अर्धी देणगी व अर्धे कर्ज अशी मदत मिळाली आणि ते बर्लिनला गेले. पुढे एक वर्ष वाढवून मिळाले. बर्लिनच्या पदवीला लागणारी विद्यापीठातील मुदत भरायला थोडीच बाकी असताना फंडाने पुढचे पैसे नाकारले, आणि १८९४ मध्ये ते परत आले. १८९५ साली हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. तेथे ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. बर्लिनची मात्र राहिली ती राहिलीच.

आणि आपल्या बडोद्याचे? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. महाराजांचे उपकार मोठे, त्यात वाद नाही. पण लंडनचा अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला घर मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. डी. एस्सी. झाले ते १९२३ साली. आंबेडकरांची जिद्द होती म्हणून निभावले. प्रत्येक विद्यार्थ्याकडून तेवढ्या जिद्दीची अपेक्षा करणारी योजना ही योजनाच नव्हे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत या अवस्थेला नावच पडले आहे : 'प्रबंध सोडून सर्व काही.' अभ्यासक्रम झाला, परीक्षा झाल्या, साधने गोळा झाली. उरले फक्त लिहिणे. पण लिहायला निवांत वर्ष लागते आणि नेमके तेव्हा विद्यापीठाचे पैसे आटतात. घरी शिल्लक असेल तो तरतो. घरातून पहिलाच शिकलेला असेल तो मिळेल ती नोकरी धरतो.

आता ती प्रथा. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे चित्रकलेची शाळा नव्हे. तेथे साहित्य, इतिहास, गणित, रसायन सारे शिकवतात, पण बहुधा पदवीपर्यंतच. गाव लहान, विद्यार्थी दीडदोन हजार, वर्गात पंधरावीस मुले, प्राध्यापक प्रत्येकाला नावाने ओळखणारा. साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळणाऱ्या आम्हांला हेवाच वाटावा. १९६० नंतर या कॉलेजांच्या बाकांवर कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकन, स्पॅनिशभाषी घरांतली मुले दिसू लागली. फळ्यापाशी उभे राहणारे मात्र बहुतेक पूर्वीचेच. विचारले की उत्तर मिळे, लायक उमेदवार मिळत नाहीत. हेजसाहेबांचेच ते वाक्य!

मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजने १९८५ साली यावर उपाय केला. गेयस चार्ल्स बोलिन हे तेथून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, १८८९ चे पदवीधर, पुढे वकील झाले. त्यांच्या प्रवेशाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने त्यांच्या नावाने फेलोशिप काढली. (आमच्याकडे शताब्दीला कमान उभारतात.) तिची रचना मला फार आवडते. प्रबंध लिहीत असलेल्या विद्वानाला कॉलेजात बोलवायचे. पगार, बसायला खोली, ग्रंथालय आणि संशोधनाचा खर्च द्यायचा. बदल्यात वर्षाला एकच विषय शिकवायला सांगायचा. बाकीचा वेळ प्रबंधाचा.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, अशा अनेक कॉलेजांनी मिळून एक संघ केला. आयोवातील ग्रिनेल, मिनेसोटातील कार्लटन यांसारखी कॉलेजे त्यात आली. उमेदवाराने एकच अर्ज करायचा, तो सर्व कॉलेजांनी वाचायचा आणि ज्याला हवा त्याने बोलवायचे. दारोदार अर्ज घेऊन हिंडणे वाचले, हीच केवढी सोय! शिकवण्याची अट जाचक वाटेल, पण ती हिताची आहे. लिहिताना जे आपल्यालाच उमगलेले नसते ते वर्गात मुले विचारतात. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो म्हणून एल्फिन्स्टनमध्ये शिकता शिकता शिकवीतच होते. पण पेशव्यांच्या ज्या दक्षिणेतून ती फेलोशिप निघाली, ती मुळात एकाच वर्णासाठी होती, हेही सांगितले पाहिजे.

उणिवाही आहेत. वर्ष-दोन वर्षांनी पाहुण्याला निरोप देऊन कॉलेजे पुन्हा जैसे थे होतात, असा आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. शिवाय त्या लहान गावात हा एकटाच. आपल्यासारखा कोणी दिसला की मुले आपली दुःखे घेऊन त्याच्याच दारी येतात, आणि कॉलेज त्याला प्रत्येक समितीवर बसवू पाहते. मला याची चांगली कल्पना आहे. आमच्या शाळेत ईदचे भाषण, उर्दू पत्राचे भाषांतर आणि दंग्यानंतरची शांतता समिती, तिन्ही माझ्याकडेच. म्हणून फेलोने काय करायचे यापेक्षा त्याच्यावर काय लादायचे नाही, हे ज्या योजनेत लिहिले आहे ती मी चांगली समजतो.

हल्ली तिकडेही वारे फिरले आहे. फोर्ड फाउंडेशनने प्रबंधासाठी दिलेल्या फेलोशिपांनी कित्येक प्राध्यापक घडले, पण तो कार्यक्रम आटोपता घेण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याविरुद्ध तेथील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२३ मध्ये लागला. तो प्रवेशापुरता, तरी कॉलेजे धास्तावली आणि कित्येकांनी जाहिरातींची भाषा बदलली.

आपल्या संस्थेचा छापील अर्ज मी पुन्हा वाचून पाहिला. त्यात इयत्तेच्या रकान्यात पहिली ते पदव्युत्तर एवढेच आहे. त्याखाली 'प्रबंधाचे शेवटचे वर्ष' अशी एक ओळ घालावी आणि महोत्सवी निधीतून दर वर्षी एकाच व्यक्तीला वर्षभर पुरेल एवढे द्यावे, अशी माझी विनंती आहे. जात-धर्म विचारू नये. घरातून शिकलेली पहिली व्यक्ती का, एवढे विचारावे. बदल्यात तिने आपल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी मोठ्या मुलांना शिकवावे. हळदीकुंकवाच्या समितीवर मात्र तिला घेऊ नये.

दोन प्रकरणे लिहायला वर्षाचा खर्च किती येईल, याचा हिशेब माझ्या विद्यार्थिनीने करून दिला आहे. घरभाडे, प्रवास, टंकलेखन आणि विद्यापीठाची फी, सारे एका कागदावर आहे. तो मी कार्यवाहांच्या हाती दिला आहे. त्यांनी चष्मा लावून तो वाचायला घेतलेला दिसतो, तेव्हा मी आता खाली बसतो.