खडक एक, कुलपं दोन

कासच्या पठारावर सप्टेंबरात 'सीतेची आसवं' पाहिलीत ना? ती इवली निळी-जांभळी फुलं. ही वनस्पती चक्क किडे खाते. तिथल्या पातळ मातीत नत्र फार कमी, मग ते किड्यांकडून घ्यायचं.

आता गंमत बघा. कास असो, महाबळेश्वर, माण की आटपाडी, मूळ खडक एकच, काळा बेसॉल्ट. फरक पावसाचा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, माणात जेमतेम 500. घाटात पावसानं चुना, पालाश धुऊन नेला. मागं उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. तोच लाल, आम्लधर्मी जांभा. जतकडे चुना वाहून गेलाच नाही, खणलं की चुनखडी. अशा रानात लोह असूनही उसाला मिळत नाही, पानं पिवळी पडतात. केवडा पडला म्हणतात तो हाच.

स्फुरदाला तर दोन्हीकडे कुलूप! घाटात त्याला लोह धरून ठेवतं, तिथं चुना टाकला की ते थोडं सुटतं. पूर्वेला धरणारा चुनाच, म्हणून शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यायचं. तरी गोणी दोन्हीकडे एकच, डोसही शेजाऱ्याला विचारून. हे काही खरं नाही.

मग चांदोलीचं जंगल धुतलेल्या मातीवर हिरवंगार कसं? तिथलं अन्न पाचोळ्यात फिरतं. पान पडतं, कुजतं, मुळं वरच्यावर उचलतात. झाडं तोडून नाचणी पेरली की दोन-तीन वर्षांत जोर ओसरतो. कुमरी शेती म्हणूनच जागा बदलायची.

घरी माती परीक्षणाचा कागद असेल तर आज काढा, आणि आधी सामू बघा.