बिऱ्हाड कोणाच्या हवाली करावे?



या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकता, संतवाङ्मय ऐकता. आम्ही बिऱ्हाड हलवण्याविषयी बोलणार म्हटल्यावर काहींना हसू येईल. परंतु आयुष्याची पुंजी एका ट्रकवर चढवून तो ट्रक नजरेआड होताना ज्याने पाहिला आहे, त्याला हा विषय हलका वाटणार नाही. आमचे शिक्षण बेताचे. पण ओझी उचलणाऱ्यांच्या संगतीत आमची उमर गेली, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

सन २००५ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोकरांच्या बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. परीक्षा आटोपल्या की घरोघर सुतळी आणि खोकी जमू लागतात. मेहकरला रेल्वे नाही. जे जायचे ते रस्त्याने. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गही आपल्या बाजूने सुरू झाला. रस्ता सुधारला खरा, पण माल नेमका कोणाच्या हवाली केला हे कळेनासे झाले.

पूर्वी वऱ्हाडात लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि तो धंदा बसत गेला. तांड्याला नायक असे. जाब त्याला विचारायचा. पुढे हुंडेकरी आले, त्यांची पेढी असे, बिल्टी असे. आज आपण मोबाइलवर नंबर शोधतो. पलीकडचा गृहस्थ गोड बोलतो, झटकन आकडा सांगतो. पुष्कळदा त्याचा ट्रकही नसतो आणि माणसेही नसतात. तो आपले काम दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि प्रत्येक जण मधले काढून घेतो. शेवटी दारात येतात ते एक ड्रायव्हर आणि चौकातून रोजावर उचललेली चार माणसे.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांचे सामान पुण्याला निघाले. ट्रक वाटेत उभा राहिला, आणि आणखी पैसे टाकाल तर पुढे जाऊ असा निरोप आला. बोली ज्याच्याशी झाली होती त्याचा फोन बंद. गुरुजींनी मागितले तेवढे दिले. न देऊन सांगतात कोणाला? अंथरूण-पांघरूणसुद्धा ट्रकमध्येच होते.

अशा वेळी लोक हमालाला लबाड म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते मान्य नाही. पाच जणांनी आकडे सांगितले आणि एकाचा निम्मा निघाला, तर तो निम्मा आला कोठून? डिझेल त्याला स्वस्त मिळत नाही, टोलही माफ नाही. मग कापायला उरते ती मजुरी. सहा माणसांचे काम तिघांवर पडते, लोखंडी कपाट दोघेच जिन्यावरून उतरवतात, आणि कठड्याला घासून त्याचा कोपरा चेपतो तेव्हा हमालाची कंबरही गेलेली असते. एका माणसाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोच्या वर नसावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली आहे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींना एकत्र केले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे आली, हमालाच्या नावाची नोंद आली. तरी हंगामापुरते चौकातून उचललेले पुष्कळ हात आजही या नोंदीबाहेरच आहेत. ज्या माणसाचे नाव कोठेच लिहिलेले नाही, त्याच्या हातून फुटलेल्या आरशाचा जाब कोण देणार?

म्हणून आमचे सांगणे असे की, भाव विचारण्याआधी माणसे कोणाची हे विचारा. किती येणार, त्यांना रोज कोण देणार, ट्रक कोणाच्या नावावर आहे? धंदा नेकीने करणारा याची उत्तरे चटकन देतो. घरी येऊन सामान पाहिल्यावाचून जो फोनवर पक्का आकडा देतो, त्याला सरळ नमस्कार करावा. जवळपास पेढी असेल तर जाऊन पाहून यावे. हे काम आपल्याकडे अजून पायी होते.

दुसरे, कागद. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्याप्रमाणे वाहतूकदाराने नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि माल गोळा करून पुढे धाडणारा दलालही त्यात धरला आहे. नोंदणी क्रमांक मागावा, बिल्टी घ्यावी. बिल्टीवर सामानाची यादी, एकूण रक्कम आणि हमाली निराळी लिहून घ्यावी, म्हणजे उतरवताना चहापाण्याच्या नावाखाली हुज्जत होत नाही. सामानाची किंमत लिहिण्यास लाजू नये. ती न लिहिल्यास भरपाई भाड्याच्या पटीतच अडकून बसते. विम्याचे पैसे घेतले तर विमा कंपनीचा कागद मागावा. पावतीवर नुसते ‘विमा’ लिहिणे म्हणजे विमा नव्हे. नाक्यावर ई-वे बिल नाही म्हणून पैसे मागितले, तर वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही, एवढे ठाऊक असू द्या.

सगळी रक्कम आधी देऊ नये. माल उतरला की यादीप्रमाणे मोजावा, आणि फुटले-तुटले असेल ते सही करण्यापूर्वी बिल्टीवरच लिहावे. माल सोपवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही, तर दावा चालत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचे तर दोन वर्षांची मुदत आहे. आपण जेथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार देता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. म्हणजे येथल्या माणसाने बुलढाण्याला जावे. जाताना बिल्टी बरोबर असावी, आणि ती ट्रकमधल्या ट्रंकेत बांधून ठेवू नये.