सायंवर्गाच्या सेविकेचे शिक्षण

उज्जैनच्या रामघाटावर दिवेलागणीला क्षिप्रेची आरती सुरू होते, तेव्हा पायऱ्यांवर भाविकांप्रमाणे मुलेही दिसतात. शाळा सुटलेली असते; कोणी द्रोणातले दिवे विकतो, कोणी धाकटे भावंड सांभाळतो. अशा मुलांसाठी सायंवर्ग काढणाऱ्या सेविकेने आधी खोली शोधावी, की मुले?

महाराष्ट्रात याचे उत्तर पूर्वीच मिळाले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. गुरे जेथे चरतील तेथे वर्ग. खडे, शिंपले, बिया हेच साहित्य. तेथील सेविका शिकल्या त्या मुलांच्या मागे चालून.

आज मात्र सायंवर्गाच्या सेविकेच्या हाती पुष्कळदा हजेरीपट आणि खडू एवढेच पडते. यात्रेच्या दिवशी मुले आली नाहीत, तर दोष तिचाच! वर्गाची वेळ व जागा बदलण्याचा अधिकार तिला असावा. शेजारच्या वर्गांच्या सेविकांनी पंधरवड्यातून एकदा एकत्र बसून, न येणाऱ्या मुलांची नावे एकमेकींपुढे ठेवावीत. अनुभवी सेविकेने नवीला आठवडाभर आपल्या वर्गात बसवून घ्यावे.

उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्या गर्दीत घाटालगतचे वर्ग कोठे हलवावयाचे, हे ठरविताना अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडण्यापूर्वी या सेविकांना बोलवावे.